दोन तारखांमधला कालावधी: सॉफ्टवेअर, पंचांग आणि सातबारा

कालावधी लिहिताना दोन्ही तारखांत जे सारखे असते ते एकदाच लिहायचे आणि जे वेगळे असते ते दोनदा, हा नियम माणूस कोणी न शिकवताही पाळतो. पुणे जिल्ह्यातल्या केडगाव-चौफुल्यावर एखाद्या कार्यक्रमाचा फलक लागला तर त्यावर ‘१७ ते २३ ऑक्टोबर २०२५’ असेच असते. महिना आणि वर्ष दोनदा कोणी रंगवत नाही. मधे महिना बदलला तर दोन्ही महिने येतात, ‘२८ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर २०२५’. वर्षच बदलले तर काहीही गाळता येत नाही. सॉफ्टवेअरला हे सगळे सांगावे लागते, आणि प्रत्येक भाषेसाठी वेगळे सांगावे लागते.

ही माहिती युनिकोडच्या ‘कॉमन लोकेल डेटा रिपॉझिटरी’ म्हणजे सीएलडीआर या कोशात साठवलेली असते, आणि आयसीयू ही लायब्ररी ती वापरते. रीत साधी आहे. दोन तारखा आधी वर्षावर, मग महिन्यावर, मग दिवसावर ताडून पाहायच्या. ज्या घटकात पहिला फरक सापडेल त्या घटकासाठी त्या भाषेने ठरवून दिलेला नमुना उचलायचा. नमुना नसेल तर दोन्ही तारखा पूर्ण लिहून मधे रेघ. २०२१च्या प्रमाणकापासून जावास्क्रिप्टमध्येही ‘फॉरमॅटरेंज’ नावाने ही सोय आहे. तरीही दोन तारखांच्या मधे रेघ चिकटवून मोकळे होणारे प्रोग्राम पुष्कळ आहेत. त्यांचे इंग्रजी रूप चालून जाते, बाकीच्या भाषांत मोडतोड होते. अमेरिकी इंग्रजीत महिना आधी आणि वर्ष स्वल्पविरामानंतर येते. जर्मनमध्ये दोन्ही दिवसांच्या आकड्यांपुढे टिंब लागते. हंगेरियन वर्षापासून सुरुवात करते. जपानीत वर्ष, महिना, दिवस यांची चिन्हे आकड्यांना जोडूनच राहतात. गाळण्याचा भाग प्रत्येक ठिकाणी वेगळ्या जागी असल्यामुळे एका भाषेचा साचा दुसरीला बसत नाही.

मराठीसाठी सीएलडीआरने देवनागरी अंक हेच मूळ धरले आहेत, आणि ते योग्य आहे. त्यातली महिन्यांची लघुरूपे मात्र सगळीच सारखी वापरातली नाहीत. ‘जाने’, ‘फेब्रु’, ‘सप्टें’ डोळ्यांना सवयीची आहेत. ‘ऑग’ सहसा कोणी लिहीत नाही. महिन्यानंतर येणारा स्वल्पविरामही मराठी छपाईला अनावश्यक आहे. याहून मोठा प्रश्न मधल्या रेघेचा आहे. तक्त्यात किंवा तिकिटावर जागा कमी असते, तिथे रेघ शोभते. वाक्यात, निमंत्रणात, सूचनेत ‘ते’च हवे. अंध वाचकांसाठी पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर रेघ अनेकदा मुकाट्याने ओलांडते आणि ‘सतरा तेवीस ऑक्टोबर’ असे ऐकू येते. मराठी रूप तपासताना ते डोळ्यांइतकेच कानांनीही तपासले पाहिजे.

पंचांग बदलले की ‘पहिला फरक कुठे’ या प्रश्नाचे उत्तरही बदलते. याला २०२५च्या दिवाळीइतके नेमके उदाहरण मिळणार नाही. वसुबारस १७ ऑक्टोबरला होती आणि भाऊबीज २३ ऑक्टोबरला. इंग्रजी तारखांत या सात दिवसांत फक्त दिवस बदलतो. महाराष्ट्राच्या पंचांगात महिना अमावास्येला संपतो, म्हणून हाच कालावधी आश्विन वद्य द्वादशी ते कार्तिक शुद्ध द्वितीया, शके १९४७ असा होतो; वर्ष एकच, महिने दोन. उत्तर भारतात महिना पौर्णिमेला संपतो. तिथे वद्य पक्षही कार्तिकातच मोजला जातो, त्यामुळे महिना एकच राहून पक्ष तेवढा बदलतो. गुजराती पंचांगात पाडव्याला विक्रम संवत २०८१ संपून २०८२ लागले, म्हणजे तिथे वर्षही दोनदा लिहावे लागते. भारत सरकारने २२ मार्च १९५७ पासून स्वीकारलेल्या राष्ट्रीय सौर दिनदर्शिकेत हा कालावधी २५ आश्विन ते १ कार्तिक १९४७ असा येतो. दिवस तेच सात. गाळता येण्याजोगा भाग प्रत्येक पंचांगात वेगळा.

आयसीयूत ‘इंडियन’ नावाने जे पंचांग आहे ते ही राष्ट्रीय सौर दिनदर्शिका. घरोघरी भिंतीवर असलेल्या तिथी तिच्यात नाहीत, त्यामुळे तिथींचे कालावधी छापणाऱ्याला स्वतंत्र गणित करावे लागते. त्यात पहिली अडचण अशी की तिथींच्या अंतरावरून दिवस मोजता येत नाहीत. क्षयतिथीने एक दिवस कमी होतो, वृद्धितिथीने वाढतो. २०२५मध्ये नवरात्र २२ सप्टेंबरला बसले आणि दसरा २ ऑक्टोबरला आला, म्हणजे नऊ रात्रींच्या उत्सवाला दहा दिवस मिळाले. दुसरी अडचण सणाच्या दिवसाची. १७ ऑक्टोबरला सूर्योदयाची तिथी एकादशी होती, द्वादशी त्यानंतर लागली, पण वसुबारस संध्याकाळच्या तिथीवर धरतात. सूर्योदयाची तिथी घेणारा प्रोग्राम त्या दिवसापुढे ‘एकादशी’ छापेल आणि गणिताने तो चुकलेलाही नसेल. अधिक मासात तर ‘अधिक’ हा शब्द कधीच गाळता येत नाही. २०२६मध्ये १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ आहे आणि त्यामागून निज ज्येष्ठ येतो. नुसते ‘ज्येष्ठ’ लिहिले तर वाचक एक महिना चुकू शकतो.

सारखे ते एकदा, वेगळे ते दोनदा हा नियम घड्याळाच्या वेळेलाही लागतो. मराठीत ‘सकाळी १० ते ११’ लिहितात, पण ‘सकाळी १० ते दुपारी २’, कारण प्रहराचा शब्द बदलला की तो पुन्हा येतो. न्यू जर्सीतल्या मराठी मंडळाचा १८ ऑक्टोबरचा ‘दुपारी २ ते ४’ हा कार्यक्रम केडगावातले आजी-आजोबा फोनवर पाहणार असतील तर त्यांच्यासाठी तो १८च्या रात्री ११.३० पासून १९च्या रात्री १.३० पर्यंत आहे. एका गावी जी तारीख एकदाच लागते ती दुसऱ्या गावी दोनदा लागते, म्हणून आधी वाचकाच्या गावची वेळ काढायची आणि मगच काय गाळायचे ते ठरवायचे.

शेवटचा दिवस धरायचा की नाही, हेही आधी ठरलेले हवे. मराठीत ‘१७ ते २३’ म्हटले की २३ आलीच. संगणकात कॅलेंडरच्या देवाणघेवाणीसाठी वापरला जाणारा आयकॅलेंडर नमुना मात्र दिवसभराच्या नोंदीची अखेर पुढच्या दिवशी, म्हणजे २४ला, धरतो. तो आकडा तसाच पडद्यावर आला की भाऊबीजेनंतरही कार्यक्रम चालू असल्यासारखा दिसतो.

सर्वांत अवघड प्रकरण जोडवर्षाचे. पंडिता रमाबाईंच्या नावापुढे ‘१८५८–१९२२’ येते ते आयुष्य. ‘१८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून मुली आणल्या’ या वाक्यात दोन सलग वर्षांत पसरलेली घटना आहे. आणि ‘२०२५-२६’ हे एकाच वर्षाचे नाव आहे. चिन्ह जवळपास सारखे, अर्थ तीन. त्यातही वर्षाच्या नावाचा अर्थ कार्यालयागणिक बदलतो. केडगावच्या ऊस उत्पादकाच्या पिशवीत सोसायटीच्या हिशेबाचे २०२५-२६ असते, ते १ एप्रिल ते ३१ मार्च. सातबाऱ्याच्या पीकनोंदीचे महसुली वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै. कारखान्याचा साखर हंगाम १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर. तिन्ही २०२५-२६ एकत्र येतात ते फक्त ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांत. एप्रिल २०२६मध्ये तुटलेला ऊस हंगामाने आणि महसुलाने २०२५-२६चा, पण आर्थिक वर्षाने २०२६-२७चा.

भर म्हणजे आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय प्रमाणकात ‘२०११-१२’चा अर्थ डिसेंबर २०११ असा होतो, आणि स्प्रेडशीटही तसेच समजून मजकूर परस्पर बदलते. २०००-०१ पासून २०११-१२ पर्यंतची बारा नावे या तावडीत सापडतात. तेरावा महिना नसल्यामुळे २०१२-१३ पासूनची वाचतात. यावर उपाय एकच: नोंदीत सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख आणि वर्षाचा प्रकार अशा तीन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या आणि ‘२०११-१२’ हे नाव छापतेवेळीच बनवायचे. जुन्या दप्तरांतून नुसती नावे टंकून घेतली असतील तिथे तारखा भरण्याआधी कागद सोसायटीचा, तलाठ्याचा की कारखान्याचा हे पाहावे लागते.