हिरव्या ठिपक्यापलीकडे

तांदूळनगरी गोंदियाच्या बाजारपेठेत पिझ्झा आता नवलाचा राहिलेला नाही. नातवाच्या हट्टास्तव येथील एक व्यापारी कुटुंब सूर्यास्तास तासभर अवकाश असता एका उपाहारगृहात गेले व ‘जैन पिझ्झा’ मागविला. बराच वेळाने तो आला. वर कांदा नव्हता. परंतु घास तोंडाशी नेताच आजींना लसणाचा वास आला. चौकशीअंती कळले, कांदा केवळ वरून वगळला होता. खालचा तयार सॉस लसणाचाच होता. पैसे चुकते झाले, आजी उपाशीच उठल्या. घरी पोहोचेपर्यंत सूर्य मावळला; त्यांचा चौविहार होता.

वेष्टनावरील हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो. कांदा-लसूण व कंदमुळांविषयी तो मौन पाळतो. घटकांची यादी मात्र त्याच वेष्टनावर छापलेली असते. म्हणून मागणी नोंदविण्यापूर्वीच सॉसची बाटली पाहावयास मागावी. नमुना तळहातावर पारखल्याविना धान्याचा सौदा न करणाऱ्यांनी ताटापुढेच भीड का बाळगावी?

विक्रेत्यानेही जाणावे : फलकावर ‘जैन’ लिहिणे हे वचन आहे, आणि दुकानाची पत वचनावरच टिकते.