पुस्तकाच्या शेवटच्या पानावरचे आकडे

वडूज, ता. खटाव, जि. सातारा

चि. केतकी,

तू पाठवलेला फोटो पाहिला. दिवाळीत आलीस तेव्हा माझ्या कपाटातली 'बनगरवाडी' उचलून नेलीस, त्याच्या शेवटच्या कोऱ्या पानावर तीन आकडे आहेत: ८४, ७० आणि ९६. "काका, ही किंमत आहे, पानं आहेत की कुणाची उधारी?" असं विचारतेस. यातलं काहीच नाही. तो टंच आहे. आता हे फोनवर सांगत बसलो तर तुझ्या डब्लिनमधला जेवणाचा वेळ जाईल, म्हणून सविस्तर लिहितो.

तुझ्या बाबांनी आमच्या धंद्याबद्दल तुला फारसं सांगितलेलं नसणार. तो शिकला आणि नोकरीला लागला, मी पंधरा-सोळाव्या वर्षी कोइमतूरला गेलो. आपल्या खटाव-माणात, पलीकडं आटपाडीत, विट्याकडं खानापूर तालुक्यात दुष्काळानं शेती पोसेना, तशी माणसं गलाईच्या धंद्यात पांगली. भारतातल्या कुठल्याही शहरात सराफ कट्ट्यात जा, एखाद्या बोळात आपल्याकडचा माणूस भट्टी लावून बसलेला सापडतोच. काम काय, तर जुनं मोडीचं सोनं शुद्ध करून द्यायचं. मुशीत सोनं आटवायचं, त्यात चांदी घालायची, मग ते अ‍ॅसिडात सोडायचं. पिवळा-तांबूस धूर निघतो, तो छातीत जातो, त्याबद्दल पुन्हा कधी. चांदी आणि तांबं विरघळून जातं आणि तळाशी तपकिरी गाळ राहतो. नवखा माणूस तो चिखल म्हणून फेकून देईल. तो धुवायचा, वाळवायचा, पुन्हा आटवायचा, की सोनं. शंभरात किती भाग सोनं, तो टंच. गिऱ्हाईक समोर बसून राहतं आणि आकडा ऐकला की भांडतं, "पलीकडच्यानं ९१ सांगितला, तुमच्याकडं ९० कसा?"

कोइमतूरला मराठी अक्षर दिसायचं ते फक्त गावाकडून आलेल्या पत्रात. यात्रेला किंवा लग्नाला कुणी गावी गेला की येताना पिशवीत चटणी, खारवड्या आणि एखाददुसरं पुस्तक घेऊन यायचा. ते पुस्तक मग दुकानादुकानांतून फिरायचं. वाचून झालं की शेवटच्या पानावर टंच टाकायचा, म्हणजे पुढच्याला कळावं यात कितीसा ऐवज आहे. हे कुणी सुरू केलं ठाऊक नाही. मी गेलो तेव्हा चालूच होतं. अण्णा भाऊ साठ्यांच्या 'फकिरा'वर तर आकड्यांची गर्दी होती. १९५९ चं पुस्तक, पण आमच्याकडं आलेली प्रत इतकी हाताळलेली की फकिराचा बाप रणोजी जोगणी घेऊन येतो आणि मारला जातो ती पानं सुटी झाली होती, दोऱ्यानं शिवली होती. वाटेगावच्या बाजूचा एक पोरगा होता, त्यानं खाली १०१ लिहून ठेवलं. सगळे त्याच्यावर हसले, शंभराच्या वर टंच असतो का रे? तो म्हणाला, "तुमच्यासाठी नसंल."

तर 'बनगरवाडी'वरचा ८४ माझा. व्यंकटेश माडगूळकर आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे, पुस्तक १९५५ चं. धनगरांच्या इवल्याशा वाडीवर एक कोवळा मास्तर जातो, शाळा धरतो, लोकांकडून तालीम बांधवून घेतो. तालमीच्या उद्घाटनाला राजेसाहेब येतात, ते आपल्या औंधच्या पंतप्रतिनिधींवरूनच उतरलेले. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. सूर्यनमस्काराचं वेड असलेला आणि १९३९ मध्ये कारभार लोकांच्या हाती देणारा हा राजा वडुजापासून हाकेवर राहत होता, पण वडूज मात्र इंग्रजांचं. मला ते पुस्तक फार आवडलं. सोळा कापले ते वाक्यं जरा जास्तच स्वच्छ वाटली म्हणून. आपल्याकडं इतकी धूळ असताना कुणाच्या धोतराला डाग नाही.

७० चा आकडा आमच्या भट्टीवरच्या एका कामगाराचा. आटपाडीकडचाच, धनगराचा. मी चिडून विचारलं, तुझ्याच लोकांची गोष्ट आणि ७०? त्यानं सांगितलं ते मी अजून विसरलो नाही. "शेवटी दुष्काळ पडला, मास्तरची बदली झाली. आमची कुठं हुती बदली?" पुढं काही बोलला नाही, मूस भट्टीत ठेवायला गेला. केतकी, त्या पुस्तकावर मोठमोठ्यांनी लिहिलेलं मी नंतर वाचलं, १९९५ चा अमोल पालेकरांचा सिनेमाही पाहिला, पण एवढी नेमकी हरकत कुणी घेतलेली पाहिली नाही.

आणि ९६ तुझ्या काकूचा. लग्न होऊन ती कोइमतूरला आली तेव्हा भाजीवालीशीही बोलता येत नव्हतं. दोन दिवसांत पुस्तक वाचलं. चार का कापलेस विचारलं, तर म्हणाली, "शेवटी सगळे गेले म्हणून."

भट्टी पुतण्यांच्या ताब्यात देऊन इकडं आलो, पण खोड गेली नाही. आता वाचनालयाच्या पुस्तकावर आकडे टाकता येत नाहीत, म्हणून गलाईच्या उरलेल्या लाल वहीत टाकतो. नाव, वजन, टंच असे रकाने छापलेलेच आहेत. वजनाच्या रकान्यात पानं लिहितो. नव्या वर्षाच्या सुरुवातीला साताऱ्याला नव्याण्णवावं साहित्य संमेलन झालं, तिथून बरीच पुस्तकं आणली, काही जुनी पुन्हा काढली. तू विचारलंच आहेस, तर अलीकडची वही उघडून सांगतो.

लक्ष्मण मान्यांचं 'उपरा' पुन्हा वाचलं. १९८० चं, पुढच्याच वर्षी साहित्य अकादमी मिळालेलं. माने फलटण तालुक्यातल्या सोमंथळीचे, कैकाडी समाजातले. गाढवांवर बिऱ्हाड, फोक तोडून आणायचे, सोलायचे, त्यांच्या पाट्या, डालगी, कणग्या विणायच्या आणि गावोगाव विकायच्या. बाप पोराला शाळेत घालतो, त्यावरून जातपंचायत त्यालाच धारेवर धरते. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी उपाशीपणाच्या पानांवर अडकलो होतो. या खेपेला बापावर अडकलो. गावात जागा नाही, जातीत जागा राहत नाही, आणि तरी तो माणूस पोराची पाटी सोडत नाही. येरळेच्या काठाला पूर्वी कैकाड्यांची पालं पडायची. आपल्या वरच्या खोलीत ज्वारीची जी कणगी आहे, ती त्यांच्याच हातची. आई सांगायची, दोन पायली ज्वारी देऊन घेतली. मी ती परवा खाली काढून पाहिली. आतून शेणानं लिंपलेली, काठ इतका घट्ट वळलेला की सुरीचं टोक जात नाही. 'उपरा'ला ९४ दिले. सहा का कापले हे मलाही नीट सांगता येत नाही. आमच्या धंद्यात पूर्ण शंभर कुणालाच देत नसतात, एवढंच.

त्याला लागून गौरी देशपांड्यांचं 'विंचुर्णीचे धडे' घेतलं, मुद्दाम. विंचुर्णीसुद्धा फलटण तालुक्यातच. महर्षी कर्व्यांची नात, इरावती कर्व्यांची मुलगी, देशोदेशी राहिलेली, अरबी सुरस कथांचे सोळा खंड मराठीत आणलेली बाई. ती या कोरड्या गावी येऊन राहते आणि त्यावर लिहिते. मी आधी नाक मुरडलंच होतं. शहरातली माणसं गावात घर बांधतात आणि पुढच्या वर्षी गावावर पुस्तक काढतात, तशांतलं असेल असं वाटलं. तसं निघालं नाही. बाई स्वतःवर हसते, गावावर नाही. आपल्याला काय येत नाही याची तिला लाज नाही आणि कौतुकही नाही. हे फार अवघड आहे, करून बघ. तरी 'उपरा'च्या पाठोपाठ वाचलं म्हणून काही पानं टोचली. एक पुस्तक गावात शिरायला मिळावं म्हणून धडपडणाऱ्याचं, दुसरं शिरल्यावर कसं राहावं ते शिकणारीचं, आणि दोन्हींचा तालुका एकच. मी ८१ दिले. काकूनं वही ओढून त्याच्यापुढं ९५ लिहिलं आणि म्हणाली, "तुम्ही परगावी इतकी वर्षं राहिलात, एक तरी धडा लिहिलात का?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. तसं असायचं कारणही नाही, मी काही लेखक नाही.

पी. साईनाथांचं 'द लास्ट हीरोज' तुला तिकडंही मिळेल, २०२२ चं आहे. ते अवश्य वाच, कारण त्यात आपलाच मुलूख आहे. एस.टी. स्टँडवर उतरल्यावर तुला हुतात्म्यांबद्दल मी दर वेळी सांगतो आणि तू दर वेळी बॅग ओढत पुढं जातेस. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या कचेरीवर मोर्चा आला, गोळीबार झाला, तिरंगा घेऊन पुढं चाललेले वडगावचे परशुराम घार्गे आणि त्यांचे सोबती पडले. आपण लहानपणापासून हे ऐकत आलो, म्हणून स्वातंत्र्यलढा म्हणजे पडलेली माणसं अशी माझी समजूत झाली होती. साईनाथांनी जगलेली माणसं शोधून काढली. निरोप पोचवणारी, भाकरी देणारी, हत्यारं लपवणारी. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्या हौसाबाई विट्याला राहायच्या, २०२१ मध्ये गेल्या. त्यांचा किस्सा ऐक. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर एक माणूस बायकोला बेदम मारतोय, दगड उचलून डोक्यात घालीन म्हणतोय. बाई ओरडतेय. पोलीस सोडवायला बाहेर धावतात, आणि तेवढ्यात मागून साथीदार आत शिरून बंदुका घेऊन पसार. ती मार खाणारी बाई हौसाबाई, आणि नवरा-बायकोचं भांडण सगळं ठरवून केलेलं. पुढं याच बाई गोव्यात मांडवी नदी लाकडी पेटीवर तरंगत पार करून आल्या. मला त्या नाटकातली एक गोष्ट खटकत राहते. बायकोला मारणारा नवरा पाहून पोलीस धावले हे खरं, पण रस्त्यावरचे बाकीचे? ते बहुधा बघतच उभे असणार. साईनाथ तिथं थांबत नाहीत. ते आपल्या माणसांवर इतकं प्रेम करतात की त्यांना उलटा प्रश्न विचारत नाहीत, आणि सोनं कसोटीवर घासल्याशिवाय मी टंच सांगत नाही. म्हणून ८८. पण हा किस्सा मी आतापर्यंत भेटेल त्याला सांगितला आहे, त्याचे मार्क वेगळे.

मध्येच तोंडाला चव म्हणून नारायण धारपांचं 'लुचाई' वाचलं. रात्री वीज गेली होती, बॅटरी लावून वाचलं आणि ९० लिहिलं. सकाळी चहा घेताना पुन्हा चाळलं, तर ६०. दोन्ही आकडे ठेवलेत. हे स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वरून बेतलेलं आहे, तुला मूळ वाचता येईल. पण धारपांनी ते भूत मराठी वाड्यात असं आणून बसवलंय की ते अमेरिकेतून आलंय हे कळेपर्यंत मला शंकाही आली नव्हती. अशा कामाला आपल्याकडं कुणी मान देत नाही. दिला पाहिजे.

'शुद्ध सोन्याचा दागिना होत नाही' हे वाक्य तुला एव्हाना सुचलं असेल आणि या पत्रात ते कुठंतरी येईलच असं वाटत असेल. ते नाही येणार. हे वाक्य दागिने विकणाऱ्यांनी काढलेलं आहे. गलाईवाल्याला भेसळ कळलीच पाहिजे आणि किती ते सांगताही आलं पाहिजे. पुस्तक आवडलं म्हणून भेसळीकडं कानाडोळा करणं मला जमत नाही, आणि भेसळ सापडली म्हणून पुस्तक टाकूनही देत नाही. आटपाडीच्या त्या पोरानं ७० दिले, पण पुढं कितीतरी वर्षं 'बनगरवाडी' त्याच्याच ट्रंकेत असायची. मागायला गेलो की म्हणायचा, अजून वाचायचंय.

एक पुस्तक वहीत चढलेलं नाही. सांगलीच्या तारा भवाळकर, २०२५ च्या दिल्लीच्या संमेलनाच्या अध्यक्षा, त्यांचं 'सीतायन'. बायकांच्या ओव्यांत, गाण्यांत सीता कशी येते त्यावर लिहिलंय. मी पन्नास पानं वाचली असतील, तोवर काकूनं नेलं. आता ती वाचताना थांबते, पुस्तकात नसलेली पण तिच्या आजीच्या तोंडची एखादी ओवी आठवते आणि ती समासात लिहून ठेवते. एकदा तर शेजारच्या तीन बायका जमवल्या, प्रत्येकीची ओवी निराळी निघाली आणि दुपारभर भांडण झालं की खरी कुठली. मी टंच विचारला तर म्हणाली, "ह्याला नका लावू तुमचं अ‍ॅसिड." पुस्तक अजून परत मिळालेलं नाही.

बाकी इकडं ठीक. जिहे-कठापूर योजनेचं पाणी नेर तलावातून येरळेला सोडतात, त्यामुळं उन्हाळ्यात नदी अगदीच कोरडी नसते. पुसेगावच्या बाजूला बटाटा बरा निघाला. शेजारच्यांचा मुलगा मे महिन्यात डब्लिनला येतोय. त्याला आपल्यासाठी फार तर पाच किलोची जागा आहे. मी 'उपरा', 'विंचुर्णीचे धडे' आणि दुसरी, शिवलेली नसलेली 'फकिरा' बांधून ठेवली आहे. काकूनं ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि सांडगे काढलेत. काल काट्यावर ठेवून पाहिलं तर साडेसहा भरले. चर्चा सुरू आहे. सध्या तरी सांडग्यांची बाजू वरचढ दिसते, तेव्हा 'विंचुर्णीचे धडे' पुढच्या खेपेला आलं तर समजून घे.

तुझा,
काका