खिडक्या मिटलेल्या घरात

नाशिकला आमच्या घरी दिवसातून दोनदा केर निघायचा. उघड्या खिडक्यांतून दिवसभर धूळ यायची, ती काढायची, संध्याकाळी पुन्हा यायची. अमेरिकेत, इलिनॉयमधल्या नेपरव्हिलला नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत आमच्या खिडक्या जवळजवळ उघडतच नाहीत. तरी घर मळतंच. बुटांना चिकटून काय येतं, शेगडीवरून काय उठतं आणि नळातून काय येतं, एवढं लक्षात आल्यावर माझी साफसफाईची सगळी घडी बदलली. आता मी मळ जिथून येतो तिथेच उभी राहते. शनिवारी घर घासत बसण्याची वेळ क्वचित येते.

हिवाळ्यात इथला सगळ्यात मोठा पाहुणा म्हणजे मीठ. बर्फ पडला की रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या गाड्या फिरतात, लोक आपापल्या ड्राइव्हवेवर टाकतात आणि ते बुटांच्या तळव्यांतून घरात शिरतं. एका जानेवारीत सासूबाई इथे होत्या. फरशी पुसून झाल्यावर थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "अगं, पुसलं तरी हे पांढरं परत कसं उमटतं?" उमटणारच. एकाच बादलीतल्या पाण्यानं पुसलं की विरघळलेलं मीठ सगळीकडे पसरतं आणि पाणी उडून गेलं की पुन्हा दिसतं. मी कोमट पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालते, फडकं वेगळ्या स्वच्छ पाण्यात पिळते आणि शेवटचा हात साध्या पाण्याचा. लाकडी जमिनीवर फडकं अगदी घट्ट पिळलेलंच हवं, नाहीतर फटींत पाणी मुरून फळ्या फुगतात. तिथे व्हिनेगरही रोज नको, पॉलिशची चमक मंदावते.

पण खरं काम दाराबाहेरच होतं. आधी फावड्यानं बर्फ काढायचा आणि मगच मीठ. 12 औंसांचा एक कॉफीमग मीठ साधारण 20 फूट लांबीच्या ड्राइव्हवेला पुरतं. जमिनीचं तापमान उणे 9 अंश सेल्सियसच्या खाली गेलं की साधं मीठ फारसं कामच करत नाही, मग कितीही ओता. जास्तीचं मीठ बर्फाच्या पाण्याबरोबर रस्त्याकडेच्या गटारात जातं आणि तिथून कुठलीही प्रक्रिया न होता ड्युपेज नदीला मिळतं. त्याच नदीकाठी, 1981 साली गावाच्या दीडशेव्या वर्षी उभारलेल्या रिव्हरवॉकवर, आम्ही उन्हाळ्यात फिरायला जातो. पाण्यात गेलेलं क्लोराइड सहज परत काढता येत नाही. म्हणून पोतं मोकळं करणारा शेजारी दिसला की मी मगाचं माप सांगतेच. आत, गराजच्या दाराशी, काठ असलेला रबरी ट्रे ठेवला आहे. बूट तिथेच निघतात, पाहुण्यांचेही. बेडरूममधलं कार्पेट वर्षानुवर्षं टिकतं ते एवढ्यामुळे.

आता फोडणी. इथल्या पुष्कळ घरांत शेगडीवर मायक्रोवेव्ह असतो आणि त्याचा पंखा हवा बाहेर न सोडता गाळून परत स्वयंपाकघरातच सोडतो. मोहरी तडतडली की तेलाचे बारीक कण कपाटांच्या दारांवर बसतात. ताजे असताना भांड्यांच्या साबणाचं कोमट पाणी पुरतं, पण महिनोन्‌महिने राहिले की हवेनं आणि उष्णतेनं त्यांचं व्हार्निशसारख्या चिवट पापुद्र्यात रूपांतर होतं. म्हणून तेल तापवण्याआधी पंखा सुरू, कढई मागच्या बर्नरवर, कारण तिथला धूर पंखा जास्त ओढतो, आणि जेवणानंतर शेगडीच्या वरच्या-बाजूच्या दारांवरून एक ओला हात. पंख्याची धातूची जाळी गरम पाणी, साबण आणि थोडा बेकिंग सोडा यांत भिजवली की तेल सुटतं. आतला कोळशाचा फिल्टर मात्र धुता येत नाही, तो बदलावाच लागतो.

हळदीचा डाग साबण लागल्याबरोबर लाल होतो आणि नव्या सुना घाबरतात. तो रंग साबणातल्या अल्कलीमुळे बदलतो, धुतल्यावर पुन्हा पिवळा होतो. राहिलेला पिवळेपणा ऊन घालवतं. मी टेबलक्लॉथ धुऊन मागच्या डेकवर वाळत घालते. जूनच्या उन्हात डाग उडून जातो, ब्लीच लागत नाही.

पाण्याचं थोडक्यात. 1992पासून नेपरव्हिलला मिशिगन सरोवराचं पाणी मिळतं, त्याआधी खोल विहिरींचं होतं. तरी नळांवर क्षार बसतोच. सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात भिजवलेला टिश्यू गुंडाळून थोडा वेळ ठेवला की तो सुटतो. संगमरवरावर हा प्रयोग अजिबात नको, दगडच खाल्ला जातो.

एक गोष्ट मी घरी येणाऱ्या प्रत्येक नव्या जोडप्याला बजावून सांगते, कारण दुकानातल्या रंगीबेरंगी बाटल्या पाहून कुणीही भुलतं. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो. ब्लीच आणि अमोनिया असलेलं काच पुसायचं द्रावण एकत्र आलं तरी विषारी वायूच. खिडक्या बंद असलेल्या न्हाणीघरात हे जिवावर बेतू शकतं. माझ्या सिंकखाली आता भांड्यांचा साबण, व्हिनेगर, बेकिंग सोडा आणि सायट्रिक ॲसिड एवढंच असतं. ब्लीच वेगळ्या फळीवर, एकटं.

घर घेतलं तेव्हा तळघरात आधीच्या मालकांच्या नाली मोकळी करायच्या द्रावणाच्या आणि थिनरच्या बाटल्या होत्या. त्या मोरीत ओतायच्या नाहीत, कचऱ्यातही नाही. फोर्ट हिल ड्राइव्हवर शहराचं घातक घरगुती कचऱ्याचं केंद्र आहे, शनिवार-रविवार उघडं असतं आणि इलिनॉयच्या कुठल्याही रहिवाशाला तिथे जाता येतं. बाटल्या मूळ लेबलांसह, झाकणं घट्ट लावून, खोक्यात उभ्या ठेवून न्याव्यात.