उगामुगा

आमच्या झाडीपट्टीत मामा भाच्याच्या पाया पडतो. भाचा पाळण्यातला असो नाहीतर माझ्यासारखा टक्कल पडलेला, मान तोच. त्यामुळे मामाकडून एखादं काम शिकायचं म्हणजे पंचाईत. ज्याच्या पायाला हात लावायचा, त्याला शिव्या कशा घालणार? माझ्या मामाने यावर तोड काढली होती. मी चुकलो की तो डोंग्याला रागवायचा.

"काहून इतका धडपडतेस बाप्पा? पानी का पळून चाल्ला?"

डोंगा बिचारा गप्प. वल्हं माझ्या हातात.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये नागपुरातलं काम सुटलं आणि मी वैनगंगेच्या काठी, मार्कंड्याच्या बाजूला, मामाच्या गावी येऊन पडलो. जात ढिवराची, वय अडतीस आणि डोंगा चालवता येत नाही. सातवी-आठवीतली पोरं काठावर बसून माझी गंमत बघायची. कारण गंमतच होती. मी डाव्या अंगाने वल्हं मारलं की डोंगा उजवीकडं वळायचा, मग उजव्या अंगाने मारायचो, की डावीकडं. कुत्रं शेपटीमागं फिरतं तसा मी पाण्यात गोल फिरत होतो, घामाघूम होऊन.

मामाचा डोंगा फळ्यांचा, बुडाला सपाट, सांधे डांबराने बुजवलेले. त्याच्या बापाचा एका खोडाचा होता, कोरलेला. तसं झाड आता कोण तोडू देतं! वल्हं म्हणजे बांबूचा दांडा आणि टोकाला तारेने आवळलेली फळी. मागच्या आडव्या पाटीवर बसायचं, एका हाताने दांड्याचं वरचं टोक धरायचं, दुसऱ्याने फळीपासून वीतभर वर. इतकीच काय ती सामग्री.

मी काय चुकत होतो ते समजायला पंधरा दिवस गेले. मी पाणी मागं ढकलत होतो. फळी पाण्यात घातली की जोर लावून खस्सकन ओढायची, पाणी उडायचं, आवाज व्हायचा, आणि डोंगा जेमतेम हातभर सरकायचा. मामाच्या हातात तेच वल्हं आवाजच करायचं नाही. तो फळी पुढं टेकवायचा, पूर्ण बुडू द्यायचा, क्षणभर थांबायचा. मग गाळात खुंटी रोवावी आणि तिला धरून आपण पुढं सरकावं, तसा डोंगा वल्ह्याजवळ यायचा. वल्हं जागचं हलत नव्हतं, डोंगा हलत होता. शिवाय तो दंडाने ओढतच नव्हता. कमरेतून वाकायचा आणि कमरेतून उठायचा. मी दंडाने ओढायचो आणि रात्री मामी तेल गरम करून द्यायची.

गोल फिरण्यावरचा उपाय मनगटात निघाला. फळी कमरेशी आली की वरच्या हाताचा अंगठा खाली वळवायचा. फळी उभी होते, पाण्याला कड लागते, आणि जाता जाता किंचित बाहेर रेटली की वळू पाहणारं टोक सरळ होतं. एकाच अंगाने मारत राहा, डोंगा नाकासमोर जातो. सांगायला एक वाक्य, हाताला बसायला एक उन्हाळा.

एकदा मी मामाला मोबाइलवर दत्तू भोकनळची शर्यत दाखवली. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा हा पोरगा, विहिरी खोदणारा, सैन्यात गेल्यावर नाव चालवायला शिकला आणि 2016 ला रिओच्या ऑलिंपिकमध्ये एकेरी शर्यतीत तेरावा आला. मला वाटलं मामा भारावून जाईल. त्याने शेवटपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "हा मागं तोंड करून काहून बसला?" मी म्हटलं, तसंच बसतात, जोर जास्त लागतो. दोन हजार मीटर सरळ जायचं असतं, मध्ये काही नसतं. "मंग ठीक आहे," मामा म्हणाला. आमच्या मध्ये सगळंच असतं. खडक, बुडालेलं झाड, दुसऱ्याच्या जाळ्याला बांधलेल्या पाण्याच्या बाटल्या.

आता मला नीट जाता येत होतं. मला वाटलं शिकलो. त्या दिवशी मामा पुढच्या टोकाला जाळं घेऊन बसला आणि म्हणाला, "आता उगामुगा राय."

झाडीपट्टीबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, उगामुगा म्हणजे गुपचूप, हालचाल न करता. मामा हे मला म्हणाला की डोंग्याला, कळलं नाही. पण मासेमारीतलं वल्हवणं इथं सुरू होतं. जाळं सोडताना डोंगा वाऱ्याने ढळू द्यायचा नाही, धारेने खाली जाऊ द्यायचा नाही, आणि वल्ह्याचा आवाजही करायचा नाही. मासा लांब राहिला, जाळंच गुंडाळलं जातं. फळी पाण्याबाहेर काढायची नाही, आतल्या आत कड फिरवून पुढं न्यायची, पुन्हा टेकवायची. धारेचा जोर जेवढा, तेवढंच उत्तर. जास्त दिलं की जाळं ताणतं, कमी दिलं की डोंगा त्याच्यावर जातो. पहिल्याच दिवशी मी कमी दिलं. जाळं वल्ह्यात अडकलं, मी झटकलं, आणखी अडकलं, आणि दोन हात जाळं फाटून गेलं. मामाने त्या दिवशी जाळ्याला अशा काही शिव्या घातल्या, की माझे कान तापले.

नदी पार करायची तऱ्हाही तीच. समोरच्या काठाकडं तोंड करून वल्हवलं, की धार आडवी घेते आणि कुठल्या कुठं नेऊन टाकते. टोक वरच्या अंगाला तिरकं धरायचं आणि जागच्या जागी राहण्यापुरतंच वल्हवायचं. धारच डोंग्याला पलीकडं सरकवते. पलीकडं म्हणजे चंद्रपूर जिल्हा. 1982 पर्यंत दोन्ही काठ चंद्रपूरचेच होते. गडचिरोली वेगळा झाला आणि सीमा नदीत आली. जाळं तिला ओळखत नाही.

मार्कंड्याला नदी उत्तरेकडं वाहते, म्हणून तिथं देऊळ, म्हणून महाशिवरात्रीला जत्रा. डोंगेवाल्याला त्या वळणाचं पुण्य वेगळं. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी खोल आणि धावतं, आतल्या अंगाला रेती. धारेवर चढताना आतून, धारेबरोबर येताना बाहेरून. हे मामाला बापाने शिकवलं. पण आता नदीचं पाणी एकट्या पावसाचं राहिलेलं नाही. वर भंडारा जिल्ह्यात गोसीखुर्द धरण आहे, 1988 ला पायाभरणी झालेलं, 33 दरवाज्यांचं. आमच्याजवळ चिचडोहचं बॅरेज. आभाळ कोरडं असताना नदी फुगते आणि काल जिथं बांबू टेकत होता तिथं आज टेकत नाही. मामा सकाळी मोबाइलवर विसर्गाचा मेसेज वाचतो, मग काठावर जाऊन खुंटीवरची ओल बघतो, आणि खुंटीचं ऐकतो.

जानेवारी 2024 मध्ये आमच्याच चामोर्शी तालुक्यात, गणपूरजवळ, मिरची तोडायला पलीकडं निघालेल्या बायांची नाव उलटली. मिरचीच्या हंगामात बाया अशाच जातात, कारण रस्त्याने फेरा मोठा आणि मजुरी त्याच दिवसाची. त्यानंतर मामाने डोंग्यात कुणाला उभं राहू दिलेलं नाही. माणसं बुडाशी बसवतो, डबे-पिशव्या मधोमध, आणि नातेवाईक असला तरी चौथा माणूस काठावर. सपाट बुडाचा डोंगा दिसतो ठाम, पण एक जण उठला की वजन वर जातं, आणि बाकीचे घाबरून त्याच अंगाला वळतात.

गेल्या कार्तिकात पहाटे आम्ही डोहावर होतो. धुकं इतकं, की पुढच्या टोकाचा मामा नुसता आवाज झाला होता. जाळं जात होतं, मी डोंगा धरून होतो. अचानक मामा ओरडला, "अबे गाढवा, उजवीकडं दाब!" मी दाबलं. झाडाचं काळं खोड हातभर अंतरावरून गेलं.

पुढचा अर्धा तास तो बोलला नाही. काठाला लागल्यावर मी उतरून डोंगा ओढायला लागलो, तर हा म्हातारा डोंग्यातून वाकून पाण्यात चाचपतोय. माझे पाय गुडघाभर गाळात होते.