तीन क्विंटल पाणी

मुलीच्या हट्टापायी गेल्या वर्षी आमच्या सावनेरच्या घरात चार फुटी काचेची टाकी आली. सोबत एका दुकानातून तयार स्टँडही आणला. वरून सनमायका, दिसायला देखणा. दोन महिने सगळे ठीक होते. मग एका रात्री, इशाच्या नमाजनंतर जेवायला बसलो होतो, तेव्हा आतल्या खोलीतून 'कट्' असा आवाज आला. जाऊन पाहतो तर टाकीतले पाणी एका कोपऱ्यात बोटभर वर चढलेले. म्हणजे स्टँड कलला होता. मुलगी त्याला पाठ टेकून अभ्यास करत होती.

त्या रात्री बादल्या भरभरून टाकी उपसली. मासे पाण्याच्या ड्रममध्ये सोडले. झोप कुणालाच आली नाही.

अब्बा हे सगळे खाटेवरून पाहत होते. ते इथल्याच वेकोलिच्या भूमिगत कोळसा खाणीत टिंबरमन होते. जमिनीच्या पोटात छताला लाकडी खांबांचे टेकू द्यायचे, हेच त्यांचे काम. निवृत्तीनंतर दम लागतो म्हणून आम्ही त्यांना कशाला हात लावू देत नाही. ही काळजीच होती, पण तिच्या नादात त्यांना काही विचारणेही आम्ही सोडून दिले होते.

सकाळी मी वेल्डरला फोन लावत होतो. अब्बा म्हणाले, "आधी वजन किती, ते तर सांग."

मला सांगता येईना. मग कागद घेतला. टाकी १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद, ४५ उंच. काठोकाठ भरली तर २४३ लिटर, म्हणजे तेवढेच किलो पाणी. दहा मिलिमीटर जाडीची काच ५० किलोच्या घरात, तळाची वाळू ३०. सव्वातीन क्विंटल! कापसाच्या मुलखात राहून क्विंटल काय असतो हे मला ठाऊक नाही असे नाही. पण टाकीकडे मी शोभेची वस्तू म्हणूनच पाहत आलो होतो.

अब्बांनी जुना स्टँड उलटा करायला लावला. वरच्या आडव्या पट्ट्या पायांना बाजूने फक्त स्क्रूने जोडलेल्या होत्या. एक स्क्रू वाकला होता. "हे वजन ठेवलेलं नाही बेटा, टांगलेलं आहे," ते म्हणाले.

नव्या स्टँडचा सगळा विचार या एका वाक्यातून निघाला. आरा मशीनवरून सागवान आणले. तीन बाय दोन इंचाचे सहा पाये, चार कोपऱ्यांना आणि दोन मधोमध, कारण चार फुटांची पट्टी मध्ये झोळ धरते. प्रत्येक पायाच्या डोक्याला खाच पाडली आणि आडवी पट्टी त्या खाचेत बसवली. वजन लाकडावरून लाकडावर आणि तिथून सरळ जमिनीत. स्क्रूचे काम फक्त पट्टी हलू न देण्याचे. मी लोखंडाचा आग्रह धरला, तर म्हणाले, खाणीत लाकडाचा खांब तुटण्याआधी करकरतो, माणसाला पळायला वेळ देतो. (नीट जोडलेले लोखंडही चालले असते, हे मी आजही म्हणतो. पण त्या दिवशी म्हणालो नाही.)

उभे वजन पेलले तरी बाजूचा हेलकावा उरतोच. मूल धावत येऊन आदळले तर? त्यासाठी मागच्या बाजूला अख्खा प्लाय ठोकला. माझ्या मते स्टँडमध्ये सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट हीच. वर जाड प्लाय, त्यावर थर्माकोलचा पत्रा, म्हणजे लाकडातला बारीक उंचसखलपणा काचेला टोचत नाही.

मग फरशी. अब्बांनी पाये येतील तिथे हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहिले. एका ठिकाणी पोकळ आवाज आला, तेव्हा जागाच बदलली. पाणसळ ठेवून चारही बाजू जुळवल्या. पहिल्या दिवशी टाकी अर्धीच भरली आणि रात्रभर तशीच ठेवली. अब्बा दोनदा उठून पायांवर हात ठेवून आले. मला वाटत होते ते झोपलेत.

आपली जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, घराच्या भिंतीसुद्धा जागेवर राहत नाहीत. म्हणून पावसाळा संपल्यावर पाणसळ पुन्हा लावली. डाव्या बाजूला किंचित फरक निघाला. टाकी अर्धी उपसली. अब्बांनी पातळ पाचर मागितली. मी औजारांच्या डब्यात शोधत बसलो, तोवर मुलगी ती घेऊन त्यांच्याजवळ पोहोचली होती.