न दिसणारा सामना

जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर मालिकेतील (१९९७ ते २००७) क्विडिचचे सामने गाळून वाचले तरी कथानकाचे काही बिघडत नाही, असा आक्षेप पुष्कळ वाचक घेतात. अद्भुतरम्य कादंबरीने एका कल्पित खेळाला इतकी पाने का द्यावीत, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. मला तो तसा वाटत नाही.

विंझरच्या महाविद्यालयात हा आक्षेप माझ्यासमोर मांडणारा विद्यार्थी कबड्डीपटू होता, म्हणून त्याचे म्हणणे मी अधिक मनावर घेतले. 'हॅरी पॉटर आणि परीस' हा मराठी अनुवाद त्याने ग्रंथालयातून नेला होता. "सर, संघात सात खेळाडू, आपल्या कबड्डीसारखेच. पण गोल केला की दहा गुण, आणि तो सोनेरी चेंडू पकडला की दीडशे, वर सामनाच संपला. मग बाकीच्या सहा जणांनी घाम कशाला गाळायचा?" चढाई करणाऱ्या पोराला खेळाच्या रचनेतील खोट पहिल्याच सामन्यात दिसली. २००५ साली अमेरिकेतील मिडलबरी महाविद्यालयात मुलांनी हा खेळ जमिनीवर, पायांत झाडू धरून प्रत्यक्ष खेळायला घेतला (२०२२ पासून त्याला क्वाडबॉल म्हणतात). पुढे या खेळाच्या नियमांत त्या दीडशेचे तीस झाले. खेळायचे म्हटले की हिशेब जुळावा लागतो.

कादंबरीचे तसे नाही. सभापर्वातील द्यूत आठवून पाहावे. फासे कसे टाकले, दान कसे मोजले, डाव कोणत्या नियमाने जिंकला गेला, हे व्यासांनी जवळजवळ सांगितलेलेच नाही. युधिष्ठिराने पणाला काय लावले ते सांगायचे आणि शकुनीने 'जिंकले' म्हणायचे, इतकेच. धन, रथ, दासदासी, राज्य, भाऊ, स्वतः आणि शेवटी द्रौपदी. खेळ दिसतच नाही. दिसतो तो पण, आणि माना खाली घालून बसलेली सभा. आमच्याकडच्या यात्रांतही हलगीच्या कडकडाटात कुस्त्यांचा आखाडा भरतो, तेव्हा ज्यांना एकही डाव ओळखता येत नाही अशी माणसेसुद्धा शेवटच्या कुस्तीपर्यंत जागची हलत नाहीत. कोणता पैलवान कोणत्या गावचा, एवढे त्यांना पुरते.

या कसोटीवर रोलिंगबाईंचे सामने एकसारखे उतरत नाहीत. पहिल्या भागात हॅरीच्या झाडूवर कोणी मंत्र टाकतो, दुसऱ्यात एक चेंडूच पिसाळून त्याच्या मागे लागतो, तिसऱ्यात डिमेंटर मैदानात शिरतात. या तिन्ही ठिकाणी खेळ हे संकट आणण्याचे निमित्त आहे. माझ्या मते मालिकेतील सर्वांत चांगला सामना तिसऱ्या भागाच्या अखेरीचा, स्लिदरिनविरुद्धचा. त्यात बाहेरचे संकट येत नाही. फक्त वुड नावाच्या कप्तानाचे शाळेतील ते शेवटचे वर्ष असते आणि चषक त्याला कधीच मिळालेला नसतो. याउलट चौथ्या भागातील विश्वचषकाचा अंतिम सामना. आयर्लंड १७०, बल्गेरिया १६०. क्रम सोनेरी चेंडू पकडतो आणि तरीही त्याचा संघ हरतो. माझ्या विद्यार्थ्याच्या गणिताला हे चोख उत्तर होय. पण कोणीही हरले तरी त्या पानांवर आपल्या ओळखीच्या कोणाचे काही जात नाही. मैदान भव्य, आतषबाजी भरपूर, आणि मला मात्र जांभया. असो.

पुढे लेखिकेचे धोरण बदललेले दिसते. हे सामने लिहिण्याचा आपल्याला कंटाळा आला होता, असे त्यांनी मुलाखतीत सांगितलेही आहे; सहाव्या भागातील एका सामन्याचे समालोचन त्यांनी ढगांच्या आकारात रमणाऱ्या ल्यूनाकडे सोपवले, ते बहुधा त्यामुळेच. पाचव्या भागात अंतिम सामना रंगात आलेला असताना हॅग्रिड हॅरी आणि हर्मायनीला अरण्यात घेऊन जातो. ज्या रॉनची आजवर थट्टा झाली, त्याने सामना जिंकून दिल्याचे त्यांना परतल्यावर समजते. जिवलग मित्राच्या आयुष्यातील सर्वांत मोठा खेळ आपण पाहिला नाही, हे त्याला सांगायचे कसे? सहाव्या भागात हॅरी शिक्षा भोगत तळघरात बसलेला आणि वर मैदानात अंतिम सामना चालू. खेळाचे वर्णन एका ओळीचेही नाही. वाचक मात्र त्या तळघरात घड्याळाकडे पाहत बसतो. आधीच्या भागांतील सामने वाचलेले नसतील, तर ही घालमेल त्याच्या वाट्याला येणार नाही.

सातव्या भागात एकही सामना नाही. पहिल्याच सामन्यात हॅरीच्या तोंडात अडकलेला तो सोनेरी चेंडू डंबलडोर मृत्युपत्राने त्याच्याकडे देतात, आणि हॅरी मरायला निघतो तेव्हा तो ओठांना लावल्यावर उघडतो. तो सामना गाळणाऱ्यालाही ओठांचे कारण पुस्तकात समजतेच. त्याला ते तिथे पहिल्यांदाच कळत असते, इतकेच.