स्वस्त तेल आणि आमचा अर्धा स्लॅब

पेट्रोल स्वस्त झालं की सगळ्यांना बरं वाटतं. २०१४च्या शेवटी ते उतरू लागलं तेव्हा आम्हालाही बरंच वाटलं. शेजारच्या रिक्षावाल्या चाचांनी तर हसून शुक्र अदा केला. ज्या तेलामुळे आमच्या घरची चूल पेटते त्याचाच भाव पडतोय, हे तेव्हा कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

आमचं गाव मंडणगड तालुक्यात, सावित्रीच्या खाडीकाठी. आमच्या आजोबांची पिढी जहाजावर खलाशी म्हणून गेली आणि वडिलांची पिढी आखाती देशांत. गावातल्या चिरेबंदी घरांपैकी निम्म्या घरांचा पाया तिकडच्या पगारावर उभा आहे. आमचे थोरले भाऊ, भाईजान, जेद्दाहला एका मोठ्या बांधकाम कंपनीत इलेक्ट्रिकल फोरमन होते. भाभी आणि दोन मुलं त्यांच्यासोबत होती. इकडे आम्ही, म्हणजे अम्मी, अब्बा आणि आम्ही तीन भावंडं.

जून २०१४मध्ये तेलाचं पिंप ११५ डॉलरच्या आसपास होतं. जानेवारी २०१६मध्ये ते ३० डॉलरच्याही खाली गेलं. सौदी सरकारच्या उत्पन्नाचा फार मोठा भाग तेलातून येतो. २०१५ साली त्यांच्या अंदाजपत्रकात सुमारे ३६७ अब्ज रियालची तूट आली. सरकारने हात आखडता घेतला, कंत्राटदारांची बिलं अडकली आणि बिलं अडकल्यावर कामगारांचे पगार थांबले. रियाधमधल्या एका कागदावर सही होत नाही म्हणून मंडणगडच्या दुकानातली उधारी वाढते, हा हिशेब आम्हाला फार उशिरा कळला.

आमची फसगत आणखी एका गोष्टीने झाली. रियाल डॉलरला बांधलेला आहे. त्या दोन वर्षांत रुपया घसरला आणि एका रियालला १६ रुपये मिळायचे तिथे जवळपास १८ मिळू लागले. पाठवलेले पैसे इकडे जास्त दिसू लागले. आम्ही खूश झालो आणि वरच्या मजल्याचं काम काढलं. भाईजानना फोन केला की आमचं बोलणं ठरलेलं असे: सळईचा भाव वाढलाय, गवंडी आगाऊ पैसे मागतोय, ईदच्या आत स्लॅब पडला पाहिजे. ते म्हणायचे, "पाठवतो, इन्शाअल्लाह." आणि पाठवायचेही.

२०१६च्या रमजानमध्ये एका संध्याकाळी फोन त्यांच्या धाकट्या मुलीने घेतला. अम्मीने विचारलं, "अब्बू कामावर गेलेत का, बेटा?" ती म्हणाली, "दादी, अब्बू तर रोज घरीच असतात. त्यांना पगार मिळत नाही ना!"

सात महिने पगार झाला नव्हता. आम्हाला आलेला प्रत्येक रुपया त्यांनी मित्रांकडून उसना घेतलेला होता. शेवटच्या खेपेला भाभीच्या बांगड्या गेल्या होत्या. इफ्तारला बसलेले अब्बा हातातला खजूर तसाच धरून राहिले. त्या रात्री आमच्यापैकी कुणी कुणाकडे नीट पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही काम बंद केलं. स्लॅब अर्धाच राहिला. गवंड्याच्या हाताखालचे चार मजूर घरी बसले, चिऱ्यांचा ट्रक परत गेला. गावात अशी आणखी तीन घरं थांबली. तेव्हा दिसलं की आखातातला पगार एकट्या आमचा नव्हता. गवंडी, जीपवाला, किराणावाला, मुलांचे शिकवणीवाले सर सगळेच त्यावर जगत होते.

त्या उन्हाळ्यात जेद्दाहमध्ये अडकलेल्या हजारो भारतीय कामगारांच्या बातम्या आल्या. तिथल्या भारतीयांनी आणि आपल्या दूतावासाने छावण्यांमध्ये धान्य पोहोचवलं. ऑगस्टमध्ये परराष्ट्र राज्यमंत्री व्ही. के. सिंह तिकडे गेले. अनेकजण थकलेल्या पगाराचा दावा मागे ठेवून परतले. भाईजानना कमी पगारावर दुसरीकडे काम मिळालं. जुन्या सात महिन्यांचा दावा त्यांनी केलाय, हाती अजून काही आलेलं नाही.

जुलै २०१७पासून सौदीत परदेशी कामगारांच्या कुटुंबीयांवर कर लागला: माणशी महिन्याला १०० रियाल, पुढे दरवर्षी १०० वाढून २०२०पर्यंत ४००. भाभी आणि दोन मुलं मिळून वर्षाला १४,४०० रियाल, म्हणजे अडीच लाखांहून जास्त. पहिल्याच वर्षी भाईजाननी तिघांना गावी पाठवलं. मुलांना मराठी अक्षरं येत नव्हती. धाकटी बरेच दिवस झोपताना अब्बूचा फोन उशाशी घेऊन निजायची. घरात माणसं वाढली तरी घर रिकामं वाटायचं.

तेलाचा भाव आमच्या हातात नाही, तो कुणाला विचारून पडत नाही. पण सात महिने एक माणूस आम्हाला खरं सांगू शकला नाही, कारण आमच्या प्रत्येक फोनची सुरुवात मागणीने होत होती. हा दोष तेलाचा नाही. रिज़्क देणारा अल्लाह आहे, पण कमावणाऱ्याच्या पाठीवर किती ओझं टाकायचं ते आपणच ठरवतो.

आता येणाऱ्या पैशांतला चौथा हिस्सा आम्ही बाजूला ठेवतो. उसने घेतलेले पैसे फेडले. धाकट्या भावाने पासपोर्टच्या आधी आयटीआयचा दाखला मिळवला, त्याचं काम आता महाडमध्येच चालतं.

एप्रिल २०२०मध्ये टाळेबंदीत तेल पुन्हा कोसळलं. अमेरिकेत तर एक दिवस वायदा भाव शून्याच्याही खाली गेला. बातमी ऐकताच अम्मीने फोन लावायला सांगितला. सलाम झाल्यावर तिने पहिलंच विचारलं, "बेटा, तू जेवलास का? पगार झाला नसेल तर तसं सांग, आम्ही इकडे भागवू."

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग भाईजान म्हणाले, "अर्धाच झालाय, अम्मी."

अर्धा स्लॅब आजही तसाच आहे. पावसाळ्यात त्यावर ताडपत्री घालतो आणि उन्हाळ्यात भाभी त्यावर पापड वाळत घालते.